कुकडीची घळ वाचायची कशी? निघोजचे रांजणखळगे, कातळ आणि पाखरं

निघोजच्या कुंडावर तासभर बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "इथं पूर्वी ज्वालामुखीचं तोंड होतं." सांगणारा घरच्यांना हौसेनं माहिती देत असतो, आणि त्याचं निम्मं बरोबरही असतं. दगड ज्वालामुखीचाच आहे. खड्डे मात्र कुकडी नदीनं पाडलेत, तेही लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर.

पुणे आणि अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) या दोन जिल्ह्यांची हद्द इथे नदीच्या पात्रातून जाते. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, आणि दोन्हीकडे मळगंगेचं देऊळ. मधोमध काळ्या कातळात कोरलेली अरुंद घळ आणि तिच्यात रांजणासारखे शेकडो खळगे. बहुतेक लोक पुलावर फोटो काढतात, नारळ फोडतात, भेळ खातात आणि तासाभरात निघतात. तसं जायला हरकत काहीच नाही. पण अख्खा दिवस हाताशी असेल तर तो कसा घालवावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवातीला मी स्वतः दोन वेगळ्या छंदांचा माणूस म्हणून इथे यायचो. एका खेपेला दगड, दुसऱ्या खेपेला पक्षी. तिसऱ्या-चौथ्या फेरीत एका कपारीखाली पाकोळीचं मातीचं घरटं दिसलं आणि उजेड पडला: ती कपार तिथे का आहे, याचं उत्तर लाव्हाच्या थरात होतं. तेव्हापासून क्रम ठरला. आधी कातळ वाचायचा, मग त्या त्या जागी पाखरू शोधायचं. दुर्बीण घेऊन वेड्यासारखं इकडेतिकडे फिरण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

जायचं कधी

जून ते सप्टेंबर नदीला पूर असेल तर पाहण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे लाल-तपकिरी पाणी. खळगे सगळे बुडालेले असतात. काठावरून लांबून पाहावं आणि परत फिरावं. ऑक्टोबरात पाणी उतरू लागतं, कातळ धुतल्यासारखा स्वच्छ असतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ दोन्ही कामांसाठी उत्तम. नुसता दगडच पाहायचा असेल तर मार्च-एप्रिल. पाणी सर्वांत कमी, खळग्यांचे तळ उघडे. पण तेव्हा सकाळी दहानंतर काळा कातळ तव्यासारखा तापतो. चैत्रात मळगंगेची मोठी यात्रा असते. यात्रेला जायचं तर यात्रेसाठीच जावं. त्या दिवसांत पक्षी पाहायला येणाऱ्याची निराशा ठरलेली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाण्याची. ही नदी आपल्या मर्जीनं वाहत नाही. वरच्या अंगाला कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आहेत. कालव्याचं आवर्तन, नदीतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांसाठी सोडलेलं पाणी, धरणाचा विसर्ग, या सगळ्यांवर इथली पातळी ठरते. आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढू शकतं. म्हणून पोचल्या पोचल्या पहिलं काम: चहाच्या टपरीवर किंवा शेतात जो भेटेल त्याला विचारा, "नदीला पाणी सुटलंय का?" काठावर ज्याची मोटार आहे त्या शेतकऱ्याला हे हमखास ठाऊक असतं.

दुसरं काम तुमचं तुम्ही करायचं. पाण्याच्या कडेला एखादा ठळक दगड हेरा, त्यावर पाणी कुठे टेकतं ते मोबाईलवर टिपा आणि दर अर्ध्या तासानं पुन्हा बघा. एकदा डबा खाऊन परत आलो तेव्हा आमचा खुणेचा दगड वीतभर बुडालेला होता. आवाज नाही, लाट नाही. नुसती ओली रेघ वर सरकलेली. आम्ही ज्या कातळावरून आत गेलो होतो तिथे पाणी खेळत होतं. पातळी चार बोटं जरी वाढलेली दिसली, तरी सामान उचलून वर यायचं. त्यात चर्चा नाही.

पोचायचं कसं, काय न्यायचं

पुण्याहून शिरूरमार्गे नव्वदेक किलोमीटर पडतं. शिरूरपर्यंत एसटीची कमी नाही. पुढे निघोजची गाडी गाठावी लागते, आणि गावापासून कुंड तीन-चार किलोमीटर लांब आहे. सूर्य उगवताना पात्रात असायचं तर स्वतःची गाडी किंवा गावात मुक्काम, तिसरा मार्ग नाही. वाटेत मोराची चिंचोली लागते, पण सकाळी तिथे थांबू नका. मोर परतीच्या वाटेवरही असतात, नदीवरची सकाळ मात्र हातची गेली की गेली.

पिशवीत ठेवायचं ते असं: 8×42 ची किंवा तत्सम दुर्बीण, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाच-सहा मीटर सुतळी, साधा लोहचुंबक, एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, वही-पेन्सिल, टोपी आणि तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट पाणी. हातोडी घरी ठेवा. पायात जुने, तळ मऊ झालेले पण खाचा शाबूत असलेले बूट चांगले. कोरड्या कातळावर काहीही चालतं. ओल्या शेवाळावर काहीच चालत नाही, हे मी उजव्या कोपरावरच्या खुणेच्या साक्षीनं सांगतो.

पहिला अर्धा तास: वरूनच

आल्या आल्या खाली उतरू नका. दोन्ही काठांना जोडणारा पादचारी पूल आहे, तो तुमचा मचाण. त्यावरून तीन गोष्टी पाहा.

एक, नदीचा आकार. वरच्या बाजूला पात्र रुंद, उथळ, सपाट कातळाचं आहे. घळीत शिरताना तेच पाणी अचानक अरुंद होऊन खोल जातं. कठीण दगडात नदीचा तळ असा एकदम खाली पडतो, तिथे पाण्याचा वेग आणि घुसळण सर्वांत जास्त. तो 'पडाव' दगड खात खात हळूहळू वरच्या दिशेला सरकत जातो आणि मागे घळ सोडतो.

दोन, खळग्यांच्या रांगा. नीट पाहिलं तर खळगे कसेही विखुरलेले नाहीत. बरेचसे रेषेत आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पाण्याला पहिली फट तिथेच मिळते. एका भेगेवर चार खळगे, मग त्यांच्यातल्या भिंती झिजून चारांचा एक चर, असे चर जोडत जोडत ही घळ तयार झालेली आहे. बोटानं हवेत त्या रेषा काढून पाहा, दोन मुख्य दिशा चटकन लक्षात येतात.

तीन, पुराची खूण. काठच्या बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं काडकचरा, चिंध्या, प्लॅस्टिक. ती गेल्या पुराची पातळी. आत्ता गुडघाभर दिसणारं पाणी तिथवर येतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की खळगे कुणी कोरले हा प्रश्न उरत नाही.

हे चाललेलं असतानाच पुलाखालून पाखरं ये-जा करत असतात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

कातळ वाचताना

आता कोरड्या, रुंद भागातून खाली उतरा आणि घळीच्या कडेची एखादी उभी भिंत निवडा. कमरेएवढी असली तरी पुरे.

थोडी पार्श्वभूमी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आज जिथे रियुनियन बेट आहे त्या तप्त जागेवरून सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला, थरावर थर. शंकूसारखा डोंगर आणि वर धुराचं तोंड, हे चित्र इथे लागू नाही. आज उरलेलं या थरांचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्यावरूनच या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात; पायरीसाठीचा तो स्वीडिश शब्द. मराठीत आपण सरळ काळा पाषाण म्हणतो आणि त्याची जाती, पाटे-वरवंटे नि देवळं करतो.

भिंतीसमोर बसलात की तळापासून वर वाचा. लाव्हाची एक जीभ वाहत आली, थांबली, थंड झाली. तिचे साधारण तीन भाग दिसतात. तळाशी कधीकधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या असतात. खालच्या ओल्या जमिनीची वाफ आणि लाव्हातला वायू वर चढताना राहिलेल्या या वाटा. त्या एका बाजूला झुकल्या असतील तर लाव्हा त्या दिशेनं सरकत होता. मधला भाग भरीव, घट्ट, ठोकला तर खणखणीत वाजणारा. वरचा भाग स्पंजसारखा, बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला, कारण वायू वर येऊन साय धरतानाच अडकला. त्यावर पुन्हा पुढच्या जिभेचा तळ. जिभेवर जीभ चढत गेलेल्या अशा लाव्हाला पाहोएहोए म्हणतात. हवाई बेटांवरचा हा शब्द. उच्चारायला गमतीचा आहे, मुलांना फार आवडतो.

भोकं बहुतेक रिकामी नसतात. लाव्हा थंड झाल्यावर पुढच्या काळात खडकातून पाणी मुरत राहिलं आणि त्यात विरघळलेली खनिजं या पोकळ्यांत साचली. भिंग लावा. पांढरे, पिसासारखे किंवा पंख्यासारखे फुलोरे दिसले तर बहुधा झिओलाइट. काचेसारखं चकाकणारं, कठीण, ते गारेच्या कुळातलं. ओळखीची साधी रीत: पात्रात सुटा पडलेला एखादा खडा घ्या आणि चाकूचं टोक फिरवा. गारेवर ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर सहज उठतो, झिओलाइट मधलं. भिंतीवर हा प्रयोग करायचा नाही, आणि स्फटिक उचकटून खिशात घालायचे नाहीत. हौस असेल तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. तिथे असे नमुने आहेत की खिशातला खडा फेकून द्यावासा वाटेल.

घाटात तुम्ही गेला असाल तर दोन थरांच्या मध्ये विटकरी-लाल पट्टा पाहिला असेल. दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाला आणि पुढच्या लाव्हाखाली भाजला गेला, तो हा लाल थर. तो मऊ असतो, आधी झिजतो, आणि त्याच्या जागी कपारींची लांबच लांब ओळ तयार होते. हा मुद्दा पक्ष्यांसाठी लक्षात ठेवा: मऊ थर गेला की वरच्या कठीण थराचं छज्जासारखं छप्पर राहतं.

चुंबकाचा खेळ इथेच करून घ्या. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पात्रातल्या काळसर वाळूतून फिरवा. पिशवीला काळी दाढी येते. ते मॅग्नेटाइटचे कण, याच काळ्या पाषाणातून सुटलेले. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कण कागदावर पडतात. मोठी माणसंही हे तीन-तीनदा करतात. याच मॅग्नेटाइटमुळे होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नये; काटा फसवू शकतो. छातीशी धरून वाचावं.

खळगा मोजायचा कसा

एखादा कोरडा, कडेनं सुरक्षित, गुडघाभर खोल खळगा निवडा. मोठ्या कुंडांच्या काठावर वाकायचं नाही. त्यांच्या भिंती पाण्यानं आतून घासून काचेसारख्या केलेल्या असतात आणि तोंडापेक्षा पोट मोठं. आत पडलेल्या माणसाला, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, बोट अडकवायला जागा मिळत नाही. इथे उड्या मारणारी पोरं दिसतील. त्यांच्या नादी लागू नका.

निवडलेल्या खळग्यात आधी तळ पाहा. वाळू, गाळ आणि त्यात दोन-चार गुळगुळीत गोटे सापडतील. एक हातात घ्या. अंड्यासारखा, कुठेही कंगोरा नाही, वजनाला भारी. हे खळग्याचं जातं. पुराच्या भोवऱ्यात हे गोटे आणि वाळू गरगर फिरतात आणि तळ नि भिंत खात जातात. स्वतःही झिजतात, लहान होऊन वाहून जातात, पुढच्या पुरात नवे येतात. सुरुवात मात्र फार किरकोळ असते: बुडबुड्याचं एखादं फुटकं भोक किंवा भेगांची चौफुली. भिंतीवरून तळहात फिरवलात तर आडव्या-तिरप्या लाटा लागतात. भोवरा कसा फिरत होता हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं.

मग सुतळी. तोंडाचा लांब आणि आखूड व्यास मोजा, दगड बांधून खोली मोजा, आणि आतलं पोट तोंडापेक्षा मोठं की लहान ते लिहा. दहा-बारा खळगे असे मोजले की चित्र उमटायला लागतं. उथळ, ताटलीसारखे ते कोवळे. खोल, पोट सुटलेले ते रांजण. भिंत फुटून शेजाऱ्याशी एक झालेले ते म्हातारे. गोटे परत त्याच खळग्यात ठेवा. घरी नेलेला गोटा कुंडीत शोभतो खरा, पण इथे तो कामावर असतो.

जाता जाता एक. कुकडीच्याच काठी, वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. तिथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख आपल्या काळ्या पाषाणाच्या उद्रेकांची नव्हे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, हजारो किलोमीटर उडत आलेली. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून जुन्या, यावर अभ्यासकांत बराच वाद झालेला आहे. राखेच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. एकाच नदीच्या काठी दोन निरनिराळ्या ज्वालामुखींच्या खुणा, तेही इतक्या अंतराच्या काळांतल्या! मुक्काम असेल तर दुसरा दिवस बोरीला द्या. गावात विचारूनच जा, आणि थर उकरू नका.

पाखरं: जागेवरून ओळख

आता दुर्बीण काढा. पात्राचे पाच-सहा 'मोहल्ले' करायचे आणि एकेका मोहल्ल्यात पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं.

उभी भिंत आणि छज्जा. मघाशी सांगितलेली कठीण थराखालची कपार आठवा. पाऊस लागत नाही, सापाला चढता येत नाही, समोर मोकळी हवा. धुरकट-तपकिरी डस्की क्रॅग मार्टिन ही पाकोळी याच जागी मातीची उथळ वाटी चिकटवते. शेपूट पसरून वळताना तिच्यात पांढरे ठिपके दिसतात, तीच तिची सही. पारवे भेगांमध्ये घुसलेले असतात. पाण्याला अगदी लागून असलेल्या छज्जाखाली किंवा पुलाखाली तारवालीचं अर्ध्या पेल्यासारखं घरटं शोधा: विटकरी टोपी, निळी पाठ, पांढरं पोट आणि शेपटीला दोन बारीक तारा. एकाला एक चिकटलेली, बाटलीच्या मानेसारख्या तोंडाची ढीगभर घरटी दिसली तर ती रेषाळ गळ्याच्या पाकोळ्यांची वसाहत. माती कुठून आणतात तेही पाहा. पूर ओसरल्यावर खळग्यांच्या कडेला राहिलेला चिखल हीच त्यांची वीटभट्टी. चिखलावर बसताना पंख वर उचलून धरतात, लुगडं भिजू नये म्हणून जपणाऱ्या बाईसारखं.

वाहत्या पाण्याच्या कडेचा ओला कातळ. इथला राजा धोबी. काळा-पांढरा, ठळक पांढऱ्या भुवईचा, शेपटी सतत खालीवर. हा बारमाही रहिवासी आहे आणि दगडांच्या फटीत घर करतो. सकाळी त्याची शीळ पाण्याच्या आवाजावरही ऐकू येते. हिवाळ्यात त्याच्या जोडीला करडा धोबी येतो, पोटाला पिवळा, शेपटीला लांब. दोघांचं पटत नाही. पांढऱ्या भुवईवाला पाहुण्याला हाकलतो आणि पाहुणा पुढच्या दगडावर जाऊन तेच काम चालू ठेवतो. कंबर हलवत चालणारा बारका तपकिरी पक्षी म्हणजे तुतवार.

संथ डोह. खळगे एक होऊन झालेल्या खोल पाण्यावर कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. छोटा खंड्या निळी रेघ मारून जातो. नेहमीचा खंड्या मात्र तारेवर, बाभळीवर, कुठेही; त्याला नदीची सक्ती नाही. मधल्या उघड्या कातळावर छोटे पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. कुठला कातळ त्यांचा ठरलेला, हे पांढऱ्या रंगकामावरून लांबूनच कळतं.

गाळाची दरड. घळीच्या खाली-वर जिथे कातळ संपून मातीचा उभा काठ लागतो, तिथे बोगदे शोधा. वेडा राघू आणि खंड्या दोघांनाही घरट्यासाठी खणायला मऊ दरड लागते. काळ्या पाषाणात त्यांची चोच चालत नाही. म्हणून घळीच्या ऐन मध्यात ते शिकारीला दिसतील, घराला नाही. वाळूउपसा झालेल्या काठाकडे मी याच नजरेनं पाहतो. दरड ढासळली की वसाहत गेली.

पात्रातली सपाट बेटं. फेब्रुवारी-मार्चपासून इथे पाय जपून. नदीसुरय, टिटवी, मोठा करवानक हे सगळे उघड्या कातळावर, वाळूत घरटं न बांधताच अंडी घालतात. अंड्यांचा रंग असा की बुटाखाली आल्यावरच समजावं. मोठा करवानक दिवसा तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा असतो. जाड चोच आणि मोठे पिवळे डोळे दिसेपर्यंत तो दगडच वाटतो. पाणी अवेळी सुटलं की या बेटांवरच्या अंड्यांचं काय होतं, हे सांगायला नको. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की तुम्ही चुकीच्या जागी आहात. आल्या वाटेनं मागे फिरा.

काठचा माळ आणि बाभळी. चिरक, गप्पीदास, टिटवीची पिवळ्या गाठीची बहीण. हिवाळ्यात मोठ्या शिळेच्या टोकावर एकटाच बसलेला निळसर पक्षी दिसला तर निळा शैल कस्तुर असण्याची शक्यता धरा. त्याला पाण्यापेक्षा दगड प्रिय. पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणींची घरटी लोंबत असतात. बांधकाम पावसाळ्यात, हिवाळ्यात नुसते रिकामे बंगले.

गिधाडांबद्दल नेहमी विचारलं जातं. काळ्या पाषाणाचे उंच कडे हे लांब चोचीच्या गिधाडांचं हक्काचं घर, पण त्यासाठी सह्याद्रीच्या मुख्य रांगेतले कडे पाहावे लागतात. इथली भिंत त्यांना बुटकी. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं, मेलेल्या जनावरांच्या मांसातून, त्यांचा घात केला. भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर बहुतेक कडे रिकामे झाले होते.

दिवस मावळताना

पाच वाजता कातळावरून वर या. अंधारात पात्रात राहायचं नाही. काठावर, वाटेजवळ, पाठीला झाड घेऊन बसा आणि मोबाईल खिशात ठेवा.

घळीच्या आणि नाल्यांच्या कपारींचा खरा मालक शृंगी घुबड. दख्खनमध्ये नदीकाठच्या दरडी, खाणी, ओढ्यांचे कडे हे त्याचे आवडते अड्डे. दिवसा तो छज्जावर भिंतीला लागून बसतो, पिसांचे ठिपके-रेघा आणि लाव्हाच्या भोकांचे डाग एक होतात. तो दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात: कपारीखाली पांढरे ओघळ आणि त्याच्या पायथ्याशी करड्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या. न पचलेले केस आणि हाडं तो अशी गोळी करून ओकून टाकतो. वाळलेली गोळी काडीनं उघडली तर आत उंदरांच्या कवट्या मिळतात, पिवळट दातांसकट. काठच्या ज्वारीचा राखणदार कोण, ते एका गोळीत कळतं. बघून झाल्यावर हात धुवा.

नोव्हेंबर ते एप्रिल त्याची अंडी-पिल्लं उघड्या छज्जावर असतात. तेव्हा कपारीजवळ जाऊ नका. मादी उडाली की पिल्लं उन्हात उघडी पडतात. जागा कुणाला सांगू नका, फोटोबरोबर ठिकाण टाकू नका. अंधश्रद्धेपायी घुबडं अजून पकडली जातात, विशेषतः दिवाळीच्या अमावास्येच्या आधी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. याच कारणानं मी इथे कुठलीही कपार सांगितलेली नाही.

उजेड आहे तोवर वही पुरी करा. प्रत्येक पक्ष्यापुढे संख्या आणि तो कशावर होता ते लिहा: भरीव कातळ, भोकाळ थर, छज्जा, गाळ, बेट. याद्या करणाऱ्या ॲपमध्ये हा रकाना नसतो, म्हणून वही. पाण्याची पातळी आणि खुणेच्या दगडाचा फोटोही त्याच पानावर. पुढच्या खेपेला तोच दगड, त्याच जागेवरून.

मग गप्प बसा. समोरच्या काठावर टाकळी हाजीचे दिवे लागतात, टिटव्या एकदा शेवटच्या ओरडतात, आणि घळीतून खोल, रांजणात तोंड घालून काढल्यासारखा आवाज येतो: बूऽऽ बो. दुसरा, किंचित उंच आवाज उत्तर देतो. म्हणजे जोडी आहे. तेवढं वहीत लिहा, वेळ टाका, आणि विजेरी पायाशी धरून गाडीकडे निघा.